इम्फाळ ते कोहिमा: जपानची धाव जिथे थांबली

पहिला दिवस : इम्फाळ

विमान इम्फाळवर आलं की खाली एकदम सपाट भातशेती दिसते आणि चहूबाजूंनी डोंगर. विमानतळाचं जुनं नाव तुलिहाल. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, या खोऱ्यात सहा धावपट्ट्या होत्या, त्यांतली ही एक. जपान्यांना हे खोरं हवं होतं ते या सपाटीसाठी. ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात फौज घेऊन यायचं तर डोंगरांच्या रांगांमागून रांगा ओलांडाव्या लागतात, आणि मधे श्वास घ्यायला जागा मिळते ती इथेच.

आम्ही गेलो नोव्हेंबर २०२२ मध्ये. मी, नवरा आणि माझे सासरे. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. तरुणपणी बेळगावच्या सेंटरमध्ये उस्तादांच्या तोंडून त्यांनी शांगशाक हे नाव, १९४४ मध्ये मराठा पलटण जिथे लढली त्या डोंगरी गावाचं, ऐकलं होतं, आणि ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची हे त्यांच्या मनात कित्येक वर्षं होतं. सहल ठरली ती त्यांच्यासाठी. वाचन करून गेले होते मी.

इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना राज्यात शिरायला लागणारा परवाना, ऑनलाइन काढलं होतं, त्यात काही अडचण आली नाही. सामान टाकून सरळ इमा कैथेल, म्हणजे आयांचा बाजार, गाठलं. हजारो बायकांचा बाजार, दुकानदार सगळ्या बाया. मासळी, बांबूचे कोंब, काळा तांदूळ, फनेक (बायका कमरेला गुंडाळतात ते वस्त्र), कमळाची देठं. वाळवलेल्या मासळीच्या ओळीत सत्तरीच्या एक इमा बसल्या होत्या. बाबांचं वय बघून त्यांनी त्यांना बसायला आपलं स्टूल दिलं. आम्ही लढाईच्या जागा बघायला आलोय हे ड्रायव्हरनं सांगितल्यावर म्हणाल्या, माझी आई ‘जपान लान’मध्ये, म्हणजे जपानी युद्धात, पळाली होती. १० मे १९४२ ला इम्फाळवर बॉम्ब पडले, लोक शहर सोडून खेड्यांत गेले. आईच्या कडेवर थोरली बहीण होती आणि डोक्यावर तांदळाचं गाठोडं. इमा हे सांगत होत्या आणि हातानं गिऱ्हाइकाला मासळी तोलून देत होत्या. ड्रायव्हर मैतेईतून हिंदीत सांगत होता आणि मधूनच स्वतःच्या आजीची गोष्ट घालत होता. इथे प्रत्येक घरात अशी एक गोष्ट आहे. युद्ध दोन साम्राज्यांचं, पण भातशेतं यांची तुडवली गेली.

आधी थोडी पार्श्वभूमी देते, पुढचं कळायला सोपं जाईल. डिसेंबर १९४१ मध्ये जपाननं पर्ल हार्बर आणि मलायावर एकाच सुमारास झडप घातली. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, ८ मार्चला रंगून, २३ मार्चला अंदमान. मेपर्यंत ब्रिटिश फौज ब्रह्मदेशातून हाकलली गेली होती आणि जपानी चिंदविन नदीपाशी येऊन थांबले होते. सहा महिन्यांत एवढा मुलूख! पण त्याच वर्षी जूनमध्ये मिडवेला त्यांची चार विमानवाहू जहाजं बुडाली आणि १९४३ च्या सुरुवातीला ग्वाडलकॅनाल सोडावं लागलं. समुद्रावर माघार सुरू झालेली असताना जमिनीवरून एक शेवटची मोठी धडक मारायची ठरली, ती या बाजूला. मार्च १९४४ मध्ये जनरल मुतागुची रेन्या यांच्या पंधराव्या आर्मीच्या तीन डिव्हिजन चिंदविन ओलांडून निघाल्या. सुमारे ८५ हजार माणसं. बरोबर साधारण तीन आठवड्यांचं अन्न.

तीन आठवड्यांत इम्फाळ घ्यायचं आणि पुढे इंग्रजांच्या कोठारातलं खायचं, असा हिशेब होता. २९ एप्रिलला सम्राटाचा वाढदिवस, त्याच्या आत इम्फाळ पडायला हवं होतं. मुतागुचींनी बरोबर हजारो गुरं हाकत नेली. त्यांच्या पाठीवर ओझी लादायची आणि नंतर तीच कापून खायची, अशी ती योजना. त्यातली कितीतरी चिंदविनच्या पाण्यात वाहून गेली, उरलेल्यांतली बरीच डोंगर चढताना मेली.

बाबांनी हे ऐकलं आणि एवढंच म्हणाले, “शेतातला बैल हाय त्यो. चढाला काय कामाचा?”

दुपारी दोन्ही युद्ध स्मशानभूमी पाहिल्या. एकीत सुमारे १,६०० कबरी, ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातले इतर. दुसरी भारतीय लष्कराची, तिथे ८२८ कबरी, शिवाय ज्यांचं दहन झालं त्या ८६८ जणांच्या नावांचं स्मारक. जमादार अब्दुल हाफिज इथेच आहेत. नववी जाट रेजिमेंट, ६ एप्रिल १९४४, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. जपान्यांनी घेतलेली एक टेकडी परत घ्यायला ते आपल्या पलटणीपुढे चढले, पायाला गोळी लागल्यावरही थांबले नाहीत आणि शत्रूच्या मशीनगनची नळी हातानं धरून वर ढकलली. माळी काका आम्हाला त्यांच्या कबरीपर्यंत घेऊन गेले. गवत कापलेलं, दगड धुतलेले, शेजारी झेंडू फुललेला. बाबा दहन स्मारकावर मराठा रेजिमेंटच्या मथळ्याखालची नावं एकेक करून वाचत राहिले. सगळी वाचून होईपर्यंत त्यांना कुणी हाक मारली नाही.

*जाणाऱ्यांसाठी :* दोन्ही स्मशानभूमी वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, रिक्षावाला हमखास एकाच ठिकाणी नेतो. ‘इंडियन आर्मी’ हे शब्द स्पष्ट सांगा. नोव्हेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, त्यामुळे सगळं दुपारच्या आत उरका आणि दिवस सहाला सुरू करा.

दुसरा दिवस : रेड हिल, लोकताक, मोइरांग

पहाटे धुकं इतकं की हॉटेलसमोरचं झाड दिसेना. रस्त्याकडेच्या टपरीवर गरम बोरा (भजी) आणि लाल चहा घेऊन दक्षिणेकडे निघालो. हा जुना तिद्दिम रस्ता. जपान्यांची ३३ वी डिव्हिजन याच रस्त्यानं वर सरकत आली.

नंबोळजवळ मायबाम लोकपाचिंग नावाची बुटकी टेकडी आहे, सगळे तिला रेड हिल म्हणतात. पायथ्याशी जपान सरकारनं १९९४ मध्ये उभारलेलं शांती स्मारक आहे आणि शेजारी २०१९ मध्ये उघडलेलं इम्फाळ पीस म्युझियम. मे १९४४ च्या शेवटच्या दहा दिवसांत जपान्यांची एक तुकडी ब्रिटिशांच्या पाठीमागून वळसा घालून या टेकडीवर चढली. दक्षिणेकडून इम्फाळच्या इतक्या जवळ येण्याची त्यांची ही शेवटची वेळ. टेकडीवर उभं राहिलं की उत्तरेला सपाट खोरं थेट शहरापर्यंत उघडं दिसतं. त्यांनाही दिसलं असणार. इम्फाळ नजरेच्या टप्प्यात आणि पोटात काही नाही. काही दिवसांत ती तुकडी जवळजवळ पूर्ण कापली गेली.

संग्रहालय छोटं आहे, पण मन लावून केलेलं आहे. एका काचेच्या कपाटात जपानी सैनिकाचा भाताचा डबा ठेवलाय. घेवड्याच्या आकाराचा, वर कडी, एका बाजूला गंजून भोक पडलेलं. झाकणावर आतल्या बाजूनं टोकदार वस्तूनं ओरखडून काही अक्षरं लिहिली आहेत, बहुधा मालकाचं नाव. मी त्याच्यापुढे बराच वेळ उभी होते. या स्वारीबद्दल जे काही वाचलं होतं त्यातलं सगळ्यात खरं मला हेच वाटलं. बंदुका चालत होत्या, माणसं लढायला तयार होती, फक्त हा डबा रिकामा होता.

आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पानिपतावर भाऊंची फौज यमुनेच्या काठावर अडकली, गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली आणि उपाशी माणसं १४ जानेवारी १७६१ ला ‘आता लढून मरू’ म्हणून बाहेर पडली. शौर्यात कुठे कमी नव्हतं. मुतागुचींच्या माणसांबद्दल वाचताना मला सारखं ते आठवत होतं. फरक एवढा की पानिपतावर अब्दालीनं रसद तोडली. इथे तोडायला मुळात रसद नव्हतीच. सेनापतीनंच ती नकाशावर गृहीत धरली होती.

तिथे काम करणाऱ्या तरुण मुलीनं सांगितलं की अजूनही जपानहून म्हातारी माणसं येतात, बहुतेक मुलं-नातवंडं, टेकडीवरची माती रुमालात बांधून नेतात. गावकरी त्यांना चहा पाजतात. ज्यांच्या अंगणात ही लढाई झाली त्यांच्या मनाचा हा मोठेपणा मला नीट शब्दांत मांडता येत नाही.

पुढे लोकताक तलाव. सेंद्रा टेकडीवरून फुमदींची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या गवताच्या थरांची, हिरवी वर्तुळं बघत जेवलो. भात, माशाचा रस्सा, सिंजू आणि एरोम्बा. नवऱ्यानं एरोम्बाला पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं, नंतर दोनदा मागितलं. त्यातल्या ङारीचा, म्हणजे आंबवलेल्या मासळीचा, वास उग्र असतो, तयारी ठेवा. बाबांचा जीव मात्र मोरोक मेतपावर जडला. म्हणाले, “हा आपला ठेचाच की, नुसता मासा घातलाय.”

मोइरांगला आझाद हिंद फौजेचं संग्रहालय आहे. १४ एप्रिल १९४४ ला कर्नल शौकत मलिक यांनी इथे झेपावणाऱ्या वाघाचा तिरंगा फडकवला. आत नेताजींची पत्रं, फोटो, गणवेश. आवारात सिंगापूरच्या आझाद हिंद स्मारकाची प्रतिकृती. या आघाडीवर फौजेचे सुमारे सहा हजार जवान आले होते. त्यांना जपान्यांपेक्षाही कमी मिळत होतं. जड शस्त्रं नाहीत, औषधं नाहीत. गोळीपेक्षा भूक आणि मलेरियानं जास्त माणसं नेली.

मी बाबांना विचारलं, समोरच्या बाजूला आपली मराठा पलटण आणि इकडे आझाद हिंद, तुम्हाला कसं वाटतं? त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. गाडीत बसल्यावर म्हणाले, “सूनबाई, त्यांनी मीठ खाल्लं हुतं त्याला ते जागले. ह्यांनी देशाची आण घेतली, तिला हे जागले. दोन्ही पोरं आपल्याच घरातली. मी दोघांस्नी सलाम केला.” केला होता, मी पाहिलं होतं. त्यांच्या उत्तरावर मला काही जास्तीचं म्हणायचं नाही.

तिसरा दिवस : शांगशाक आणि उख्रुल

सकाळी कळलं की उख्रुल रस्त्यावर कसला तरी बंद आहे. मणिपुरात हे नवं नाही. दहा वाजेपर्यंत हॉटेलात बसलो, मग ड्रायव्हरला फोन आला की सोडतायत. लितानपर्यंत रस्ता बरा, पुढे चढ आणि वळणं.

शांगशाक तांखुल नागांचं गाव, इम्फाळपासून साठेक किलोमीटर. डोंगराच्या खांद्यावर घरं, वर चर्च. १९४४ मध्येही चर्च होतं आणि लढाई त्याच्याभोवतीच झाली. गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी आम्हाला सगळीकडे फिरवलं.

गाडीतून उतरल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : “हितं पाणी कुठंय?”

शिक्षक त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, साहेब, सगळी गोष्ट तीच आहे. पाणी वर नाही. झरा खाली उतारावर, आणि उतार जपान्यांच्या हातात होता.

२० मार्चच्या आसपास पन्नासावी भारतीय पॅराशूट ब्रिगेड या बाजूला सराव आणि पहाऱ्यासाठी आलेली होती. ब्रिगेडियर होप-थॉमसन. बरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन, १५२ वी भारतीय आणि १५३ वी गुरखा पॅरा बटालियन, डोंगरी तोफा. जपानी एवढ्या मोठ्या संख्येनं इकडून येतील अशी कुणाची कल्पना नव्हती. पुढच्या ठाण्यावरची पॅराची एक कंपनी जवळजवळ अख्खी संपली. मग सगळे मागे सरून या टेकाडावर आले. जागा काही शे मीटर लांब आणि त्याहून कमी रुंद. तारेचं कुंपण नाही. तीनेक फूट खणलं की खडक, म्हणून खंदक उथळ. विमानातून टाकलेलं सामान इतक्या लहान जागेवर पडेना, बरंचसं शत्रूच्या हाती गेलं.

समोर ३१ व्या डिव्हिजनची ५८ वी रेजिमेंट, मेजर जनरल मियाझाकींच्या हाताखाली. खरं तर त्यांना कोहिमाकडे जायचं होतं. शांगशाक त्यांच्या वाटेत नव्हतं, शेजारच्या डिव्हिजनच्या हद्दीत होतं. पण बाजूला शत्रू सोडून पुढे कसं जायचं, म्हणून मियाझाकी वळले आणि इथे अडकले. रात्रीमागून रात्र हल्ले. चर्च कधी यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे. मेलेली खेचरं तशीच पडलेली, त्यांचा वास, पाण्याचा थेंब मोजून. एका हल्ल्यात मारल्या गेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशे सापडले, त्यांत ३१ वी डिव्हिजन कोहिमाला कशी जाणार हे आखलेलं होतं. एक अधिकारी ते घेऊन जपानी वेढ्यातून इम्फाळला पोचला. २६ मार्चच्या रात्री निघून जाण्याचा हुकूम आला, तेव्हा उरलेले जखमींना खांद्यावर घेऊन जंगलातून उतरले. सहाशेच्या आसपास माणसं गेली किंवा हरवली. जपान्यांचीही जवळपास तेवढीच.

शांगशाक पडलं, पण मियाझाकींचा आठवडाभर वेळ इथे गेला. त्या आठवड्यात पाचवी भारतीय डिव्हिजन ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याकडच्या अराकानहून विमानांनी इम्फाळ-दिमापूरकडे येत होती. तीन आठवड्यांचं अन्न घेऊन निघालेल्या सैन्याचा एक आठवडा म्हणजे किती, हे त्या टेकाडावर उभं राहून कळलं.

शिक्षकांनी दाखवलेले खंदक आता गवतात बुडालेत, पण पायाला खोलगट लागतात. बाबा एका खळग्यात उतरले, गुडघ्याच्या थोडं वर आले. मग तिथेच बसले आणि जपानी कुठून येत असतील, मशीनगन कुठे लावली असती, हे मला आणि नवऱ्याला शिकवत राहिले. पंधरा मिनिटं ते सत्तरीचे नव्हते. चर्चजवळ लढाईची आठवण सांगणारा दगड आहे, तिथे त्यांनी खणखणीत आवाजात ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हटलं. गावातली शाळेची पोरं जमली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांचे देह सापडले नाहीत त्यांची नावं रंगूनजवळच्या ताउक्क्यानला आहेत, सुमारे २७ हजार नावांच्या स्मारकावर. तिकडे जायचं आता बाबांच्या मनात आहे.

रात्र उख्रुलला एका घरगुती मुक्कामात काढली. प्रचंड थंडी. चुलीभोवती बसून डुकराचं मटण आणि हाथेई मिरची. घरच्या आजींनी सांगितलं की जपानी गावात आले तेव्हा आधी तांदूळ मागत, कागदाचे पैसे देत, नंतर पैसेही नव्हते, नुसतं नेत. परतीच्या वेळी, पावसात, त्यांना चालताही येत नव्हतं. काहींना गावकऱ्यांनीच शेवटचं पाणी पाजलं. अंगणात घंटा म्हणून टांगलेलं तोफगोळ्याचं पितळी कवच होतं. जेवण तयार झालं की ती घंटा वाजते.

*जाणाऱ्यांसाठी :* उख्रुलला जाड स्वेटर, कानटोपी आणि रोख पैसे हवेतच. शांगशाकला आधी गावच्या मुखियाला भेटा, मगच फिरा. शिरुई लिली बघायची असेल तर मे-जून, पण तेव्हा पाऊस असतो.

चौथा दिवस : कोइरेंगेई, कांग्लातोंबी, कोहिमा

इम्फाळला उतरून लगेच उत्तरेचा रस्ता धरला. शहराबाहेर कोइरेंगेईची जुनी धावपट्टी अजून आहे, डांबर जागोजाग उखडलेलं, कडेला गुरं चरतात. पूर्वेला नुंगशिगुमचा डोंगर दिसतो, खोऱ्यात घुसलेला. एप्रिलमध्ये जपान्यांनी तो घेतला होता. १३ एप्रिलला डोग्रा जवान आणि त्यांच्याबरोबर ली-ग्रँट रणगाडे त्या उभ्या चढावर गेले. रणगाडा तिथे चढू शकेल असं जपान्यांना वाटलंच नव्हतं.

पण मला नुंगशिगुमपेक्षा ही धावपट्टी जास्त महत्त्वाची वाटली. कोहिमाचा रस्ता तुटला तेव्हा खोऱ्यात सुमारे दीड लाख माणसं अडकली. ब्रिटिशांच्या चौदाव्या आर्मीचे सेनापती जनरल स्लिम यांनी मुद्दाम मागे येऊन सपाटीवर लढायचं ठरवलं होतं, म्हणजे शत्रूची रसदवाट लांबेल आणि आपली आखूड राहील. पण आखूड वाटही बंद झाली, तेव्हा डकोटा मालवाहू विमानांनी ती हवेतून चालवली. एप्रिल ते जून सुमारे १९ हजार टन सामान आलं. पीठ, तांदूळ, डबे, दारूगोळा, पेट्रोल. परत जाताना जखमी. खोऱ्यातल्या सैनिकांचाही शिधा कापला गेला, पण उपासमार झाली नाही. डोंगरापलीकडे जपानी सैनिक गवत आणि बांबूचे कोंब उकळून खात होता. दोन्ही बाजूंत अंतर काही मैलांचं होतं.

कांग्लातोंबीला आयुध भांडाराचं स्मारक आहे. ६-७ एप्रिलच्या रात्री इथल्या कोठारावर जपान्यांनी हल्ला चढवला आणि तो परतवला तो लढाऊ पलटणीनं नव्हे, कोठार सांभाळणाऱ्या लोकांनी. स्टोअरकीपर, कारकून, कारागीर. बाबांना ही जागा फार आवडली. “क्वार्टर मास्टरला समदे हसतात. त्यो नसला तर कळतं,” म्हणाले.

कोहिमाला पोचेपर्यंत काळोख. माओ गेटपाशी परमिट तपासतात. ज्या हॉटेलात खोल्या ठरवल्या होत्या त्यांनी आमच्या खोल्या दुसऱ्यांना देऊन टाकल्या होत्या. हॉर्नबिल उत्सव तोंडावर आला की गावात जागा मिळत नाही. शेवटी चर्चशेजारच्या एका अतिथिगृहात सोय झाली आणि तिथली गलहो, म्हणजे तांदूळ, पालेभाजी आणि धुरावलेल्या मटणाची मऊ खिचडी, इतकी छान होती की राग विरून गेला.

पाचवा दिवस : टेनिस कोर्ट

गॅरिसन हिल शहराच्या अगदी मध्यात आहे, खाली वाहनांचा कलकलाट. पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी स्मशानभूमी, १,४२० कबरी. सगळ्यात वर दहन स्मारक, ९१७ हिंदू आणि शीख जवानांचं. मधल्या पायरीवर पांढऱ्या रेषा आखलेल्या दिसतात. इथे डेप्युटी कमिशनर चार्ल्स पॉझी यांचं टेनिस कोर्ट होतं.

४ एप्रिलला सातो कोतोकू यांची ३१ वी डिव्हिजन कोहिमापाशी आली. आत अडीचेक हजार माणसं, त्यांतले लढू शकणारे पंधराशेच्या आसपास. रॉयल वेस्ट केंट, आसाम रेजिमेंट, आसाम रायफल्स. टेकडी आक्रसत गेली आणि शेवटी कोर्टाच्या एका कडेला हे, दुसऱ्या कडेला ते. मी रेषेवरून रेषेवर चालत गेले, फार पावलं लागत नाहीत. एवढ्या अंतरावरून हातबॉम्ब फेकत होते. पाण्याचे नळ जपान्यांकडे होते, बंगल्यामागच्या एका बारीक पाइपातून रात्री बाटल्या भरायच्या. वेढा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सुटला, पण कोर्ट जपान्यांनी सोडलं नाही. १३ मे रोजी एक ली रणगाडा वरच्या चढावरून घसरत थेट कोर्टावर उतरवला आणि समोरचे बंकर अगदी जवळून फोडले, तेव्हा ते मोकळं झालं. शहरातच एका उतारावर घसरून अडकलेला ली रणगाडा अजून आहे, कुंपण घातलेला. तोही बघा.

सातोंचं काय झालं ते इथे सांगायलाच हवं. चिंदविन ओलांडल्यापासून त्यांना जवळजवळ काही पोचलं नव्हतं. ते तारांमागून तारा पाठवत होते. पाऊस सुरू झाला, पायवाटा वाहून गेल्या. मेच्या अखेरीस त्यांनी वरिष्ठांचा हुकूम मोडून आपली डिव्हिजन मागे घेतली. जपानी सैन्यात डिव्हिजनच्या सेनापतीनं असं करणं जवळजवळ अकल्पनीय होतं. मुतागुचींनी तिन्ही डिव्हिजनचे सेनापती काढून टाकले, एकेक करून. तरी जुलैच्या सुरुवातीला स्वारी थांबवावीच लागली. त्याआधीच, २२ जूनला, १०९ व्या मैलाच्या दगडाजवळ कोहिमाहून आणि इम्फाळहून आलेल्या फौजा भेटल्या आणि रस्ता उघडला होता. परतीच्या वाटेवर जपानी इतके मेले, भुकेनं, हगवणीनं, मलेरियानं, की त्या वाटेला त्यांच्याच सैनिकांनी हाडांचा रस्ता म्हटलं. एकूण तीस हजारांच्या आसपास जीव गेले. सातो भित्रे होते असं मला एका क्षणासाठीही वाटत नाही. आपल्या माणसांना जेवायला नाही, एवढी साधी गोष्ट मोठ्यानं म्हणणारा त्या सैन्यातला बहुधा एकटाच सेनापती होता तो.

दुपारी आराडुराच्या टेकडीवरचं कॅथेड्रल पाहिलं. ते बांधताना जपानी कुटुंबांनीही पैसे दिले आहेत.

सहावा दिवस : किग्वेमा, दिमापूर

सकाळी किग्वेमा. जपानी कोहिमात शिरण्याआधी या अंगामी नागांच्या गावात आले. एका घराच्या भिंतीवर तो दिवस लिहून ठेवलाय, ४ एप्रिल १९४४, दुपारी तीन. शेजारच्या किसामाच्या हेरिटेज गावात युद्ध संग्रहालय आहे, त्यात नागा हमालांचे, वाटाड्यांचे, स्ट्रेचर उचलणाऱ्यांचे फोटो नक्की बघा. त्यांच्याशिवाय जखमी खाली उतरले नसते. रसदही वर चढली नसती.

मग दिमापूर. कोहिमापासून ७४ किलोमीटर, रस्त्याचं काम चालू, आम्हाला तीन तासांच्या वर लागले. इथे त्या वेळी अकरा मैल लांबीचं कोठार होतं. चौदाव्या आर्मीचं धान्य, पेट्रोल, दारूगोळा, सगळं रेल्वेच्या कडेला रचलेलं. स्लिम यांना सगळ्यात जास्त धास्ती होती ती याची. मुतागुचींनाही सातोंना पुढे दिमापूरवर पाठवायचं होतं, पण वरून परवानगी मिळाली नाही. मिळाली असती तरी त्या उपाशी माणसांना शेवटचे सेहेचाळीस मैल झेपले असते का, यावर मी आणि बाबांनी स्टेशनवर पुरी-भाजी खात बराच वेळ वाद घातला. त्यांचं मत, झेपले असते, भुकेलं माणूस कोठाराकडे धावतं. माझं मत, शांगशाकचा आठवडा त्यांच्या हिशेबातून आधीच गेला होता.

*जाणाऱ्यांसाठी :* दिमापूरहून गुवाहाटीला दिवसा बऱ्याच गाड्या आहेत, आरक्षण आधी करा. नागालँडचं परमिट दिमापूरलाही लागतं. आणि महत्त्वाचं : ३ मे २०२३ ला सुरू झालेल्या मैतेई-कुकी हिंसाचारानंतर मणिपूरमधली परिस्थिती पार बदलली आहे. आम्ही ज्या रस्त्यानं सहज गेलो तो इम्फाळ-कोहिमा रस्ता त्यानंतर सगळ्यांसाठी सारखा खुला राहिला नाही. जाण्याआधी तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन करा, पोर्टलवरच्या माहितीवर विसंबू नका. तूर्त दिमापूरकडून फक्त कोहिमा केलंत तरी दोन दिवस भरगच्च जातात.